डाळिंब मंडळींच्या दारातले तात्या

विजयसिंह तात्या शिरसट आणि मोईन मुलाणी यांची पहिली भेट लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर झाली. त्या भेटीमुळे पुणे-सोलापूर महामार्ग एका अंगाला भिगवणपर्यंत आणि दुसऱ्या अंगाला इंदापूरपर्यंत तुंबला होता. रांगेतल्या दुधाच्या टँकरमध्ये दही लागलं, दह्याचं ताक झालं आणि दिवस उन्हाळ्याचे असल्यामुळे ते जागेवर खपलंही. एका वऱ्हाडानं मुहूर्त टळू नये म्हणून ट्रकच्या सावलीत लग्न लावून घेतलं. गेट उघडलं तेव्हा नवरी पहिल्या सणाला माहेरी निघाली होती.

घडलं होतं एवढंच, की तात्या त्या गेटवर मुख्य रखवालदार होते आणि मोईनकडं गेटपास नव्हता.

"पास?" तात्या म्हणाले.

"मालकांनी बोलवलंय. बगिच्याची छाटणी करायचीय. मी मोईन, कळंबचा."

"पास?"

"मालकांना फोन लावा की तात्या."

"मालकांना फोन लावायला बी पास लागतो."

मोईननं वाद घातला नाही. मोटारसायकल बाजूला लावली, पिशवीतून छाटणीची कात्री काढली आणि वेळ जात नाही म्हणून गेटवरची बोगनवेल कापायला घेतली. तात्या त्याच्याकडं बघत राहिले, मोईन वेलीकडं बघत राहिला, आणि ह्याचा निकाल लागल्याशिवाय तात्या पुढचा पास बघणार नसल्यामुळे मागे अर्धा जिल्हा हॉर्न वाजवत राहिला. बोगनवेलीचा हत्ती झाला होता आणि फक्त सोंड उरली होती, तेवढ्यात मालकांची गाडी आली. मालकांनी काच खाली केली.

"अरे मोईनभाई, बाहेर काय करतोस? बस गाडीत."

मोईन मालकांच्या शेजारी बसला. मालकांनी मग तात्यांकडं बघितलं आणि सहज विचारलं, "तुमचं नाव काय हो?"

तात्यांना त्या गेटवर तेव्हा चौदा वर्षं झाली होती. याच मालकांना त्यांनी दोन वेळा पासाअभावी अडवलं होतं आणि मालकांनी दोन्ही वेळा पाठ थोपटली होती, पण ती "गेटवाल्याची" थोपटली होती. त्या दिवशी तात्यांच्या छातीत जे काही रुतलं, ते नंतर कधी निघालं नाही. हत्ती तर ते नोकरी सोडेपर्यंत रोज सकाळी त्यांच्याकडं बघत होता.

अठरा वर्षं भरल्यावर तात्यांनी नोकरी सोडली आणि वरकुट्याला घरी आले. घरी तीन एकर डाळिंबाची बाग होती. ती तात्यांच्या नावावर होती आणि जयवंताबाईंच्या अंगावर. जयवंताबाई म्हणजे तात्यांच्या पत्नी. पानगळ, छाटणी, फवारणी, तोडा, सगळं त्या बघत. तात्या बागेकडं पाहुणे आले की जात, पहिल्या ओळीतल्या पहिल्या झाडाला हात लावून फोटो काढून घेत आणि परत येत. त्या एका झाडाचे जेवढे फोटो निघाले असतील तेवढे तालुक्यात नवरदेवाचे निघाले नसतील.

रिकामं बसलेल्या तात्यांना दार सापडलं ते फोनमध्ये. बारामतीच्या श्रेया नावाच्या कृषी पदवीधर मुलीनं "डाळिंब मंडळी" नावाचा मोठा समूह सुरू केला होता. त्याच्या पोटात चार गट होते: छाटणीचा, फवारणीचा, पाना-फळांवर डाग पाडणाऱ्या तेल्या रोगाचा आणि बाजारभावाचा. बारामती आणि इंदापूर मिळून सातशेच्या वर माणसं. श्रेयाला मदतीला दोन वडीलधारे ॲडमिन हवे होते. एक तात्या झाले. दुसरा कोण, हे तात्यांना समूहात गेल्यावर कळलं. तिथं आधीच मोईन बसलेला होता, आणि त्याच्या फोटोत त्याच्यामागे हत्ती होता.

मोईनकडं एक एकर डाळिंब आणि बारा माणसांची छाटणीची टोळी होती. दोन्ही तालुक्यांत त्याच्या पायाखालून न गेलेली एकही बाग नव्हती. कुणी नुसता झाडाचा फोटो टाकला, खाली नाव नाही, गाव नाही, तरी मोईन लिहायचा, "मालक, ही तुमची विहिरीकडची चौथी ओळ ना? गेल्या साली हिला पाणी जास्त झालं होतं." आणि समोरचा गहिवरून जायचा. लोक त्याला माणसांची आजारपणंही विचारू लागले होते. एका गृहस्थानं तर स्वतःच्या जिभेचा फोटो टाकला होता, आणि मोईननं "ह्याला डॉक्टर बघा, पण बाग चांगली हाय तुमची" असं उत्तर दिलं होतं.

तात्या हेवा करत नव्हते. ते फक्त मोजत होते. मोईननं सकाळी नुसतं "राम राम, सलाम मंडळी" म्हटलं की खाली एकशे बारा अंगठे आणि चाळीस हात जोडलेले. तात्यांनी रात्रभर विचार करून लिहिलेल्या "समूहात वागण्याचे संकेत" या मजकुराला तीन अंगठे. त्यातला एक तात्यांचाच, एक मोईनचा, आणि तिसरा कुणाचा तरी चुकून लागलेला, कारण पाच मिनिटांनी तो काढूनही घेतला.

"कुणाचं अंगठं मोजताय?" जयवंताबाई पाटीत भाकरी बांधत विचारायच्या.

"कुणाचं न्हाय. समूहाचा आढावा घेतोय."

"मग आढाव्यात मोईनभाईचंच नाव का पुटपुटताय?"

मोईनच्या बागेत तेल्या यावा असं तात्यांच्या मनात कधी आलं नाही. फक्त आलाच, तर त्याचा पहिला फोटो आपल्याकडं यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी ते वालचंदनगरला काही काम नसताना दोनदा कळंबवरून गेले. दोन्ही वेळा मोईननं त्यांना रस्त्यातच गाठून चहा पाजला. बाग निरोगी होती. चहाही चांगला होता. तात्या फार उदास होऊन परतले.

अशात एक दिवस समूहात चोर शिरल्याचं उघड झालं. "बळीराजा" असं नाव आणि डाळिंबाच्या फुलाचा फोटो लावलेला एक सदस्य प्रत्यक्षात व्यापाऱ्याचा माणूस निघाला. कुठल्या गावात कुणाचा माल कधी तुटणार हे तो गटात बसून वाचत होता, आणि तोड्याच्या दिवशी सगळे व्यापारी एकच भाव पाठ करून येत होते. श्रेयानं बारामतीत बैठक घेतली.

"काका, आता कुणालाही असंच आत घेऊन चालणार नाही," ती म्हणाली. "कोण खरा डाळिंबवाला, कोणाला कुठल्या गटात बसवायचं, हे ओळखायचा काहीतरी नियम करावा लागेल. तुम्ही दोघं सांगा, कसा करायचा."

मोईन म्हणाला, "बोललं की कळतंय की."

तात्यांनी पिशवीतून फाईल काढली. अठरा वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न शेवटी कुणीतरी विचारला होता. नियमावली एकोणीस कलमांची होती आणि बैठकीच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे चोर सापडायच्याही आधी, लिहून झालेली होती.

श्रेयानं चाळली. "एक महिना करून बघू," ती म्हणाली. "जमलं, तर चारही गटांचं दार कायमचं तुमच्याकडं. नाही जमलं तर मोईनकाकांच्या पद्धतीनं."

तात्या बारामतीहून घरी आले ते जमिनीपासून वीतभर वरून. चारही गटांचं दार. आता कुणीही आत येताना विजयसिंह शिरसट हे नाव विचारूनच येणार होतं.

नियम सोपे होते, असं तात्यांचं मत होतं. कलम चारप्रमाणे प्रत्येकानं स्वतःच्या नावाचा चालू सात-बारा पाठवायचा. त्यावर पीक म्हणून डाळिंब लागलेलं पाहिजे. सोबत आधार कार्ड, झाडाबरोबर स्वतःचा फोटो, आणि समूहातलं नाव आडनाव, नाव, गाव, क्षेत्र, वाण या क्रमानं बदलून घ्यायचं. पाच दिवसांत जो देणार नाही तो बाहेर.

सहाव्या दिवशी सातशेतली तीनशे दहा माणसं बाहेर होती.

इकडच्या भागात बाग एक जण करतो, सात-बारा दुसऱ्याचा असतो आणि तो दुसरा बहुधा भिंतीवर हार घालून टांगलेला असतो, ही गोष्ट तात्यांना माहीत नव्हती असं नाही. सगळ्यांनाच माहीत असते. पण तात्यांचा स्वतःचा उतारा इतका नितळ होता, एक हेक्टर वीस आर, भोगवटादार विजयसिंह, की दुसऱ्याचा तसा नसेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. भावाभावांत वाटप झालेलं, पण कागदावर न चढलेलं. चुलत्याच्या नावावर असलेलं. बायकांचं तर कुठंच नसलेलं. तेल्या रोगाच्या गटात ज्यांच्या शब्दावर लोक औषध बदलत, त्या कळंबच्या साखरबाईसुद्धा बाहेर गेल्या. त्यांनी तात्यांना आवाजातला निरोप पाठवला. मागून पंपाचा आवाज येत होता.

"तात्या, मी साखरबाई. बाग सासऱ्याच्या नावावर हाय. सासरा वर जाऊन अकरा वर्सं झाली. आता तितनं सही आणायची का कसं, तेवढं कळवा. मला हितं फवारायचंय."

तात्यांनी उत्तर लिहिलं, "कलम चार पाहावे."

या पडझडीत एकच अर्ज असा आला, की तात्यांचे डोळे निवले. दिग्विजय नावाचा सदस्य. उतारा डिजिटल सहीचा, क्षेत्र दहा गुंठे, पीक डाळिंब, आधार कार्डावरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव अक्षर न अक्षर जुळणारं, फोटोत इस्त्रीचा शर्ट. तात्यांनी तो अर्ज चारही गटांत सगळ्यात वर डकवून ठेवला आणि खाली लिहिलं, "अर्ज असा असावा." दिग्विजयनं हात जोडले. त्या हात जोडण्याचा तात्यांनी फोटो काढून ठेवला.

तीन आठवड्यांनी वरकुट्यात तोडा सुरू झाला आणि सगळे व्यापारी एकच भाव तोंडावर घेऊन उभे राहिले. दिग्विजयनं ते दहा गुंठे आणि त्यावरची मरायला टेकलेली वीस झाडं केवळ तात्यांच्या कलम चारसाठी घेतली होती. तो स्वतःच व्यापारी होता. मागच्या वेळचा चोर त्याचा मुनीम होता.

श्रेया बिचारी भांडली नाही. तिनं दिग्विजयला काढलं, तीनशे दहा जणांना परत घेतलं आणि तात्यांना फोन केला.

"काका, मेहनत खूप घेतलीत. आता दार मोईनकाका बघतील. तुम्ही सन्माननीय सल्लागार."

"म्हंजी काय करायचं?"

"सल्ला द्यायचा."

"कुणी मागितला तर?"

"हो, मागितला तर."

तात्यांनी फोन ठेवला आणि तो दिवसभर जवळ घेऊन बसले. सल्ला कुणी मागितला नाही.

मोईनची पद्धत म्हणजे पद्धतच नव्हती. कागद नाही, फोटो नाही. नव्या माणसानं भर दिवसा स्वतःच्या बागेत उभं राहून मोईनला व्हिडिओवर फोन करायचा, आणि मोईन गप्पा मारल्यासारखं दोन-तीन गोष्टी विचारायचा. प्रत्येकाला वेगळ्या. शिवम नावाच्या एका पोराला विचारलं, "खारीनं ठिबकची नळी कुरतडली तर काय करता?" तो म्हणाला, "सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो, आन् खारीला शिव्या देतो." आत. साखरबाई परत आलेल्याच होत्या, तरी त्यांना नियमापुरतं विचारलं, "काटा भरला तर?" त्या म्हणाल्या, "बांगडीला पिन असती की. तुझ्या आईच्या बी असती, विचार घरी." आत. कुणी फवारणीच्या गटात बसायचा, कुणी छाटणीच्या, हेही त्या बोलण्यावरूनच ठरायचं. व्यापाऱ्याची तीन माणसं चाळणीतून खडा निघावा तशी वेगळी निघाली. मोईननं त्यांनाही चहाला बोलावलं.

लोक खूष होते. मोईनच्या "राम राम, सलाम मंडळी"ला आता दोनशे अंगठे पडत होते. तात्यांना रोज सकाळी छातीत काहीतरी बसल्यासारखं होई आणि तपासल्यावर ते मोईनच असे.

"ही काय वळख पटवायची रीत हाय?" ते जयवंताबाईंना म्हणाले. "उद्या कुणीबी खोटं नाव सांगून बागंत उभा राहील. ह्याला कळणार हाय का, नाव काय, गाव काय?"

"नावाचं काय करायचंय? डाळिंब लावतोय का न्हाय, तेवढंच बघायचंय न्हवं?"

"तुला गेटचं कळत न्हाय."

"न्हाय बाई, मला बागंचंच कळतं," म्हणून जयवंताबाई पाटी घेऊन निघून गेल्या.

आणि त्या वाक्यातून तात्यांना ती योजना सुचली. खोटं नाव. आपणच खोट्या नावानं मोईनच्या दारातून आत जायचं. नाव खोटं, गाव खोटं, तरी मोईननं आत घेतलं, की भर समूहात तोंडावरचा टॉवेल काढायचा आणि म्हणायचं, हे बघा तुमचं दार. त्या रात्री तात्या फार दिवसांनी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी इंदापुरातून नवं सिमकार्ड आलं. नाव ठरलं भीमा, गाव ठरलं दूरचं. दुपारी बाराच्या उन्हात तात्या बागेत उतरले, डोक्याला आणि तोंडाला टॉवेल असा गुंडाळला की फक्त डोळे दिसावेत, आणि आपल्या नेहमीच्या पहिल्या झाडाशी उभे राहून फोन लावला. मोईनचा चेहरा पडद्यावर आला. तोही कुठल्याशा बागेतच होता.

"राम राम पाहुणं. तोंड झाकलंय?"

"फवारनी चाललीय," तात्यांनी आवाज घोगरा केला.

"बाराच्या उन्हात?"

तात्यांनी टॉवेल आणखी घट्ट केला. बाराच्या उन्हात फवारत नाहीत हे त्यांना तेव्हा समजलं.

"असू दे," मोईन म्हणाला. "बाग चांगली दिसतीया. जेवायची वेळ झाली तुमची. आज कालवण काय?"

"भरलं वांगं," तात्या हुशारीनं म्हणाले. सकाळी जयवंताबाईंनी बांधलेलं त्यांनी बघितलं होतं.

"वा. आन् बसता कुठं जेवायला? कुठल्या झाडाखाली?"

तात्यांना हसू आलं. हा प्रश्न? ह्याच्यावर लोक दोनशे अंगठे देतात? त्यांनी शेजारच्या झाडाला थाप मारली. "हे काय, ह्याच डाळिंबाखाली. रोज हितंच बसतो."

पडद्यावर मोईनच्या भुवया थोड्या वर गेल्या. आवाज मात्र तसाच मऊ.

"अस्सं. मग बसून दाखवा की. जागा बघू द्या."

तात्या बसायला गेले. डाळिंबाचं झाड म्हणजे कमरेपासून जमिनीपर्यंत फांद्या आणि फांदीफांदीला काटे. त्याच्याखाली कोंबडी बसली तरी पिसं ठेवून उठते. ज्यानं ह्या बागेत एक दिवस काम केलंय तो भाकरी घेऊन बांधावरच्या मोठ्या झाडाखाली जातो. डाळिंबाखाली कुणी जेवायला बसलेलं आजवर कुणी बघितलेलं नाही. तात्या वाकले, पाठीत दोन काटे घुसले. दचकून वर झाले, डोक्यात चार घुसले. फोन सांभाळत मान वळवली, तर टॉवेल वरच्या फांदीला अडकला आणि तात्या खाली बसले तेव्हा टॉवेल वरच राहिला.

पडद्यावर तात्यांचं आख्खं तोंड होतं.

मोईननं बाग केव्हाच ओळखली होती, माणूस आत्ता ओळखला. मग म्हणाला, "तात्या, तुमी व्हय."

तात्यांना बोलायचं होतं, पण कानाजवळ एक काटा होता आणि हलता येत नव्हतं. तेवढ्यात बांधावरून, मोठ्या कडुलिंबाच्या सावलीतून, चार बायकांबरोबर भाकरीचं फडकं सोडून बसलेल्या जयवंताबाईंचा आवाज आला.

"अहो, तितं कशाला शिरलाय? जेवायचं आसंल तर हिकडं लिंबाखाली या की."

त्या स्वतःच उठून आल्या. आधी टॉवेल सोडवला, मग तात्यांना सोडवलं आणि मग त्यांच्या हातातला फोन बघितला.

"कोण, मोईनभाई?"

"व्हय वैनी. सलाम. जेवण झालं का?"

"अर्धं झालं. ह्यांना काय विचारत होता?"

"काय न्हाय, असंच. वैनी, ही तुमची विहिरीकडची ओळ मागं पडल्यागत दिसती?"

"पडणारच. शेवटच्या बारा झाडांना पाण्याचा दाब पुरत न्हाय. परवा नळी धुतली, मग जरा सुधारलीया. वरच्या वावरात फळाचं सेटिंग चांगलं झालंय. आन् त्या कोपऱ्यातल्या तिघा झाडांवर डाग दिसत्यात, ते तेल्या न्हाय, पण मी पानं जाळून टाकली."

त्या दहा मिनिटं बोलल्या. मोईन नुसता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "वैनी, तुमी आजवर समूहात का न्हाय?"

"हे असायचे ना. आन् उतारा ह्यांच्या नावावर."

"तुमच्या फोनवर निरोप धाडतो. चारी गटात बसा."

तात्या पुढं उभे होते. त्यांच्या कपाळावरून एक बारीक रक्ताची रेघ नाकापर्यंत आली होती. पाचशेच्या वर झाडं असलेल्या त्या बागेत त्यांना त्या क्षणी कुणी काही विचारत नव्हतं.

संध्याकाळपासून तात्या समूह उघडून बसले. आता येईल. टॉवेलचा फोटो येईल, नाहीतर नुसतं एक वाक्य येईल, आणि सातशे माणसं हसतील. रात्र गेली, सकाळ झाली. मोईन म्हणाला, "राम राम, सलाम मंडळी. वरकुट्याच्या जयवंतावैनी आपल्यात आल्यात, तेल्याबद्दल त्यांना विचारा." बास. दुसऱ्या दिवशीही काही नाही, तिसऱ्याही नाही. मोईननं सांगितलं असतं तर तात्यांना त्याचा निदान रीतसर राग तरी करता आला असता. त्यानं सांगितलं नाही, आणि तात्यांना हेवा करायला आणखी एक गोष्ट मिळाली.

आणि दुसरं एक दुखणं आतून ठसठसत होतं. काहीही असलं तरी तात्या अठरा वर्षं गेटवर होते. पास नसलेला माणूस त्यांनी आपणहून कधी आत सोडला नव्हता, मालकसुद्धा नाही. दार कुणाचंही असो, नियम कुणाचाही असो, त्या नियमात विजयसिंह शिरसट बसला नव्हता आणि तरी चारही गटांत बसून होता. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ केली, कपाळाला गंध लावलं आणि एकेक करून चारही गट सोडले.

सोडताना त्यांच्या डोळ्यांपुढं चित्र होतं. सातशे फोन एकदम वाजतील. पडद्यावर येईल, विजयसिंह शिरसट बाहेर पडले. लोक विचारतील, का, कशासाठी. साखरबाई निरोप धाडतील. श्रेया फोन करील, काका परत या. आणि सगळ्यात शेवटी मोईन येईल, दारात उभा राहील, आणि तात्या त्याला म्हणतील, "पास?"

दोन दिवस झाले. तीन झाले. तात्या फोन चार्जिंगवरून काढत नव्हते.

"जेवून घ्या," जयवंताबाई म्हणाल्या. त्या फोनवर काहीतरी लिहीत होत्या. आता संध्याकाळी त्या बराच वेळ लिहायच्या.

"गटात काय चाललंय?" तात्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तेल्याचं. साखरबाई इचारत हुती, पानं जाळायची का पुरायची."

"आणखी?"

"आणखी काय? व्हय, श्रेया इचारत हुती, तात्यांचा फोन बिघडलाय का."

"बाकीच्यांनी काय विचारलं?"

"बाकीच्यांना कुठनं कळणार? कुणी गेलं की ते फक्त चालवणाऱ्यांनाच दिसतं म्हणं. श्रेयानं सांगितलं."

तात्यांनी घास खाली ठेवला. गेटमधून बाहेर जाणाऱ्या माणसाची नोंद न ठेवणारं दार त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं.

पुढच्या बहाराला मोईन आपली बारा माणसं घेऊन वरकुट्याला छाटणीला आला. तात्या ओट्यावर बसले होते. मोईननं मोटारसायकल लावली, पिशवीतून दोन कात्र्या काढल्या आणि एक तात्यांच्या शेजारी ओट्यावर ठेवली.

"तात्या, चला. आठ दिवस वैनीच्या बरूबर कात्री धरा. दुपारी लिंबाखाली आमच्यासंगं भाकरी खा. नवव्या दिशी मीच तुमाला फोन लावतो आन् विचारतो, कुठं बसता जेवायला."

तात्यांनी कात्रीकडं बघितलं. ती त्यांनी ओळखली. हत्ती हिनंच कापला होता.

"बघू," ते म्हणाले.

"बघा," मोईन म्हणाला आणि बागेत गेला. थोड्या वेळानं बांधाकडून हसण्याचा आवाज आला, त्यात जयवंताबाईंचाही होता. तात्यांनी कात्री उचलली, दोनदा हवेत उघडझाप केली, आणि परत होती तशी ठेवली. आठव्या दिवशी मोईन जाताना ती घेऊन गेला.

त्यानंतर दोन बहार झाले. "डाळिंब मंडळी"त आता अकराशे चाळीस सदस्य आहेत. जयवंताबाई तेल्या रोगाचा गट चालवतात. तात्या एकाही गटात नाहीत.